उपग्रहाने कौल घेतला नव्हता

चि. ईशान आणि चि. तारा,

मागच्या महिन्यात ईशानने मला फोनवर तुमच्या घराचे छप्पर आकाशातून दाखवले आणि विचारले, आजी, तुझे गावसुद्धा असे दिसते का? मी म्हटले, दिसते, आणि त्यावरून भांडणेही होतात. तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. त्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर आता लिहिते आहे.

आत्ताच लिहिण्याचे कारण असे की गावात या हकिगतीच्या सध्या चार आवृत्त्या आहेत आणि शिमग्यापर्यंत त्यांच्या दहा होतील. मी तिथे हजर होते आणि माझ्या वहीत वेळा लिहिलेल्या आहेत. तुमच्या आईने हे मोठ्याने वाचून दाखवावे. मालवणी वाक्ये तिला वाचता येतील. येत नसतील तर ती माझ्या शिकवण्यातली त्रुटी समजावी.

जाण्याचे कारण

तुमची मृणालमावशी, म्हणजे माझी भाची, पुण्यात एका संस्थेत काम करते. जंगलांची तब्येत कशी आहे हे ती उपग्रहाच्या रडारवरून पाहते. मी तीस वर्षे भूगोल शिकवला, तरी मला हे तिच्याकडून दोनदा समजावून घ्यावे लागले. साधा उपग्रह फोटो काढतो. कोकणावर चार महिने ढग असतात, त्यामुळे चार महिने त्याच्या हाती फक्त ढगांचे फोटो लागतात. रडारचा उपग्रह ढगांतून पलीकडे बघतो. तो वरून लहरी सोडतो आणि त्या पानांवर, फांद्यांवर, खोडांवर आपटून कशा परत येतात ते मोजतो. आमच्या लहानपणी विहिरीत खडा टाकून आवाजावरून पाण्याचा अंदाज घेत, त्यातलाच प्रकार. साधारण बारा दिवसांनी तो पुन्हा त्याच जागेवरून जातो आणि पुन्हा खडा टाकतो. जंगल दाट असेल तर एक उत्तर येते, विरळ झाले तर दुसरे.

आमच्या गावची राय मृणालच्या यादीत होती. राय म्हणजे देवासाठी राखलेले रान. त्यात कुऱ्हाड चालत नाही, आणि पडलेली काटकीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही. आत जायचे असेल तर देवाला विचारावे लागते. कसालहून मालवणच्या रस्त्याला लागले की थोड्या वेळाने डावीकडे वळायचे, ते माझे माहेर. तिथे माझा चुलत भाऊ भाई राहतो. वय अठ्ठ्याहत्तर. रायेची राखण त्याच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्याबद्दल जत्रेत देवापुढे पहिला नारळ ठेवण्याचा मान त्याचा.

मृणालला रायेच्या मधोमध एक डाग दिसला. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात तिथले उत्तर अचानक बदलले होते. प्रत्यक्ष जाऊन पाहायला हवे म्हणून तिने रीतसर ग्रामपंचायतीला ईमेल केली आणि सोबत नकाशा जोडला. पंचायतीतल्या कोणीतरी तो नकाशा गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. बदल झालेली जागा तिने लाल दाखवली होती. नकाशात लाल रंगाचा अर्थ काहीही असू शकतो, त्यासाठी कोपऱ्यातली सूची वाचायची असते, हे मी सहावीच्या वर्गाला दरवर्षी सांगत असे. सूची कापून उरलेला नकाशा पुढे गेला.

दोन दिवसांत गावात ठरले की भाईने रायेतली झाडे विकली. जत्रा पंधरा दिवसांवर होती आणि त्याआधीच्या रविवारी मान कोणाकडे ठेवायचा याची बैठक होती. वहिनीचा फोन आला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "ता चित्र तुझ्या भाचयेनच काढल्यान मां?" मी हो म्हटले आणि तिकिटे काढली.

कुडाळ ते गाव, बुधवार

कुडाळ स्टेशनवर फेलिक्स मास्तर जीप घेऊन आले होते. ते निवृत्त शिक्षक आहेत, आणि त्यांची काजूची बाग रायेला लागून आहे. मध्ये फक्त चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडावर दगड रचलेली बुटकी भिंत. मास्तर माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलतात, कारण मीही शिक्षिका. जीपशी मात्र ते मालवणीत बोलत होते.

मृणालला पिंगुळीला जायचे होते, म्हणून आधी उलट दिशेने तिकडे गेलो. तिथे चित्रकथी करणारी घराणी आहेत. एकेक चित्र हातात धरून सांगणारा गोष्ट सांगतो आणि गोष्ट पुढे सरकली की चित्र बदलतो. मृणालने म्हाताऱ्या कलाकाराला विचारले की चित्रे नुसतीच कोणाला पाठवता का. तो म्हणाला, भिंतीवर लावायला नेतात लोक, पण मग ती गोष्ट राहत नाही. मृणालने बाहेर आल्यावर फोनवर तो सूची कापलेला नकाशा पुन्हा उघडून पाहिला. पुढच्या वळणावर जीपचे चाक पंक्चर झाले.

चाक बदलताना मास्तरांनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. लाकूड गेले असेल तर ते मास्तरांच्या बागेतूनच गेले असणार, असे लोक म्हणू लागले होते. त्यामुळे त्यांना गप्प राहणे जड जात होते. डाग ज्या पावसातला, त्याच पावसात एका दुपारी त्यांनी रायेतून आवाज ऐकला होता. इथे ते पुस्तकी मराठी विसरले.

"चिऱ्यांचो ट्रक खाली करतत, तसो आवाज. मी भाईक जावन सांगलंय. तर माका म्हणाले, मास्तरानु, तुमी काय आयकलास नाय."

म्हणजे काहीतरी पडले होते, भाईला ते माहीत होते, आणि त्याने ते दडवले होते. उरलेला रस्ता मी खिडकीबाहेर पाहत काढला. तो फार चांगला रस्ता आहे, पण मला त्यातले काही आठवत नाही.

भाईचे घर

भाईने मला ओसरीवर पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो गाडीला उशीर किती झाला याचा. पुण्यात पाहुण्याला जेवणार का असे विचारतात. इथे विचारत नाहीत. पाने मांडलेलीच होती. तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. मृणालने तीनदा सोलकढी घेतली, त्यामुळे वहिनीचा राग अर्धा उतरला.

जेवणानंतर मृणालने लॅपटॉप उघडून सूचीसकट नकाशा दाखवला. राय करड्या रंगाची, मधोमध तो डाग, आणि एका कडेला एक पांढराशुभ्र ठिपका, सगळ्या नकाशात सर्वांत तेजस्वी. वहिनीने त्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, थंय देव आसा. मृणालने समजावले की तो देवळाचा नवीन पत्रा आहे, पत्र्यावरून लहरी जोरात परततात. वहिनीने ऐकून घेतले. मग म्हणाली की पत्र्याखाली देवच आहे.

भाईने चष्मा लावून डाग पाहिला. मृणालला विचारले, "ह्यो बारा दिवसांनी येता?"

हो म्हणाली.

"आणि आतसून बघता?"

हो.

"कौल घेतल्यान होतो तेणी?"

मृणाल म्हणाली, नाही. भाईने मान हलवली, जणू संपूर्ण प्रकरणातला मूळ दोष सापडला होता, आणि झोपायला गेला.

कौल म्हणजे काय ते इथे सांगते. देवाच्या पाषाणावर गुरव दोन बाजूंना ओली पाने चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडचे पान आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. पडेपर्यंत सगळ्यांनी थांबायचे. रायेत शिरायचे तर कौल हवा, आणि कौलाला मानकऱ्यांच्या दोन्ही घरांची माणसे हजर हवीत. एक घर भाईचे. दुसरे दाजीचे. पालखीच्या वेळी कोणी कुठे उभे राहायचे यावरून ही दोन घरे तीन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हती. त्यामुळे तीन वर्षांत कौल झाला नव्हता. त्यामुळे तीन वर्षांत रायेत कोणी गेले नव्हते. आत काय झाले ते गावातल्या कोणालाही माहीत असण्याची सोय नव्हती. माहिती होती ती फक्त वरून जाणाऱ्याला.

गुरुवार

सकाळी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे खाऊन मी एकटी दाजीकडे गेले. दाजी भाईपेक्षा सहा वर्षांनी लहान आहे आणि लहानपणी माझ्या हातचा मार खाल्लेला आहे, त्यामुळे मला चहा मिळाला. त्याचे म्हणणे सरळ होते. माणसे खोटे बोलतात, म्हणून त्याचा नकाशावर विश्वास होता.

"नकाशो खोटा बोलाचो नाय. तेका खंय पयलो नारळ होयो आसा?"

मी विचारले, कौलाला येशील का. तो म्हणाला, हा मी येतो, तुझ्या भावालाच विचार.

भाईला विचारले. तो सुपारी कातरत होता. म्हणाला, "माका रायेत जावचा नाय, आणि कौलाकय रवाचा नाय. बाय, तू जेव आणि पुण्याक जा."

मी त्याला मास्तरांच्या आवाजाबद्दल विचारले. अडकित्ता थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मी सत्तर वर्षे त्या माणसाला ओळखते. त्याने काही विकले असेल असे मला वाटत नव्हते, पण मला वाटण्याला रविवारच्या बैठकीत काही किंमत नव्हती. मी त्याला स्पष्ट सांगितले की तू आला नाहीस तर मृणालला अहवालात "कारण अज्ञात, पाहणी होऊ शकली नाही" असे लिहावे लागेल, आणि गाव ते कसे वाचेल ते तुला माहीत आहे. तो म्हणाला, वाचू दे.

दुपारी मृणाल मला मालवणला समुद्रावर घेऊन गेली. तिथे आम्ही तळलेले बांगडे खाल्ले. तिने सांगितले की शांत समुद्र रडारवर काळा दिसतो, कारण सपाट पाण्यावरून लहरी पलीकडे घसरून जातात, परत काही येत नाही. मी म्हटले, भाईसारखे. ती हसली नाही. तिच्या नकाशाने एका माणसाचा मान जाणार होता आणि तिचा नकाशा चुकीचाही नव्हता, हे तिला खात होते. लाल रंग का वापरला, असे ती दोनदा म्हणाली.

परत आलो तेव्हा वहिनीने सांगितले की भाई कौलाला उभा राहणार आहे. काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही. भाईच्या जेवणात त्या दिवशी मासे नव्हते एवढे मला दिसले. ते कौलामुळे की शिक्षा म्हणून, ते कळले नाही.

शुक्रवार, राय

देवळात तीसेक माणसे जमली. भाई एका खांबाला, दाजी दुसऱ्या. फेलिक्स मास्तर बाहेर गडग्यावर बसले. ते आत येत नाहीत, पण त्यांच्या बागेचे नाव निघाल्यामुळे त्यांना घरी थांबवेना.

प्रश्न दोन होते. पहिला, गावाने आत जावे का. दुसरा, बायकांनी जावे का, कारण मोजणारी मृणाल होती. पहिल्याला एक तास दहा मिनिटे लागली. पाने ओली होती आणि देवाला घाई नव्हती. मध्ये एकदा पंख्याच्या वाऱ्याने डावे पान हलले, तेव्हा पंखा बंद करण्यात आला. शेवटी उजवे पडले. दुसऱ्या प्रश्नाला चार मिनिटे लागली, उजवे. गुरवाने माझ्याकडे पाहिले. मी वेळ लिहून घेतली.

चपला बाहेर. चामड्याचे काही न्यायचे नाही, म्हणून दाजीने पट्टा काढला आणि पुढचे दोन तास एका हाताने पॅन्ट धरून चालला. मृणालच्या हातात जागा दाखवणारे यंत्र होते. पन्नास पावलांत ते गोंधळले. वर इतके दाट छत होते की त्याला आकाश मिळेना. ते आम्हाला आधी डावीकडे, मग पुन्हा देवळाकडे न्यायला लागले. पायाखाली पानांचा थर मऊ आणि गार होता. सातविणीची खोडे चार माणसांच्या कवेत न मावणारी, आणि त्यांच्यात गारंबीच्या वेली, माझ्या मांडीएवढ्या जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या. तुमची आई लहान असताना गारंबीच्या हातभर लांब शेंगेतल्या चपट्या बिया घेऊन खेळायची. तीच ही वेल.

मृणाल यंत्र हलवून पाहत होती, तेव्हा भाई, जो सगळ्यांच्या मागे होता, हळूच म्हणाला, "थंय नाय. खालच्या अंगाक."

सगळे थांबले. दाजी वळला.

"तुका कसा म्हायत?"

भाई पुढे झाला आणि चालू लागला. आम्ही त्याच्या मागे गेलो. दोनशे पावलांवर एकदम ऊन लागले.

तिथे आकाश होते. मधोमध एक बेहडा आडवा पडला होता, मुळांसकट. मुळांची चकती उभ्या माणसाहून उंच. तो पडताना त्याला वेढलेल्या गारंबीने आणखी पाच झाडे ओढून घेतली होती. सहा झाडे, एकाच दिशेला, वेल अजून सगळ्यांच्या गळ्यात. खोडांवर अळंबी आली होती. मधल्या मोकळ्या जागेत गुडघाभर रोपे उगवली होती, इतकी की पाय ठेवायला जागा नव्हती.

मृणालने टेप काढला. दाजी तिच्याआधीच कामाला लागला होता. त्याने एका हाताने पॅन्ट धरून सहाही झाडे मोजली, मग उलट दिशेने पुन्हा मोजली. प्रत्येक मोडलेल्या फांदीच्या तोंडावरून त्याने तळवा फिरवला. करवतीने कापलेले लाकूड गुळगुळीत लागते, मोडलेले टोचते. त्याला सगळीकडे टोचले. काटकीसुद्धा गेली नव्हती. हे कळल्यावर तो बेहड्याच्या खोडाजवळ आला. बसला नाही, कारण त्यावर बसायचे नसते.

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"कोणाकडे बोलतलंय?" भाई म्हणाला. "माझ्या घरासमोरसून जाताना तू तोंड फिरयतंस."

"गावाक सांगूचा."

"गाव खंय होतो? अर्धो तुझ्याकडे, अर्धो माझ्याकडे. झाड पडला तर सगळ्या गावान मिळान देवाक गाऱ्हाणा घालूचा. मिळान. तू येतलंस?"

दाजीने पॅन्ट या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणान मी देवाक सांगलंय. गडग्याकडे उभो रवान."

"एकट्यान?"

"एकट्यान."

गाऱ्हाणे म्हणजे देवाला घातलेले साकडे. एकजण बोलतो आणि बाकी सगळे प्रत्येक वाक्याला होकार देतात. होकार द्यायला कोणी नसताना ते घालायचे नसते. आवाज कुठून आला ते मास्तरांनी सांगितले, त्यावरून भाईने जागा ओळखली होती, आणि आत न शिरता, पावसात गडग्याशी उभे राहून, छत्री धरून, सगळ्या गावाच्या नावाने गाऱ्हाणे घातले होते. गावाचा होकारही त्यानेच दिला होता. चोरीचा आळ आला तेव्हा तो गप्प राहिला, कारण खरे सांगायचे तर हे सांगावे लागले असते. त्याच्या हिशेबी हा गुन्हा मोठा होता. आणि तो एकटाच तसे समजत नव्हता, हे दाजीच्या चेहऱ्यावरून कळले.

"एकट्यान गाऱ्हाणा घातलंस," दाजी म्हणाला. "चोरी केली असतंस तर बरा झाला असता."

त्यावर आलेल्या माणसांपैकी दोघांनी मान डोलावली. मृणालने माझ्याकडे पाहिले. मी तिला मोजत राहायला सांगितले.

मग गुरवाने विचारले की आता सगळे इथे आहेतच, तर. भाई म्हणाला, तू घाल. गुरव म्हणाला, राखण तुझ्या घराची आहे, तूच घाल. भाईने दाजीकडे पाहिले. दाजीने पॅन्ट सावरली आणि भाईच्या शेजारी येऊन उभा राहिला. कोणी कुठे उभे राहायचे यावर तीन वर्षे वाद होता. जागा अरुंद असल्यामुळे तो प्रश्न आला नाही.

भाईने गाऱ्हाणे घातले. बेहडा पडला, त्याच्यासोबत पाच पडली, तुझी वस्तू तुझ्याच जागेत आहे, लेकरांचे चुकले माकले पोटात घाल. प्रत्येक वाक्याला सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." तिसऱ्या वाक्यापासून दाजीचा आवाज सर्वांत मोठा होता. पलीकडून, काजूच्या बागेतून, फेलिक्स मास्तरांचाही एक "व्हय" आला. तो वहीत धरावा की नाही ते मला ठरवता आले नाही.

रविवार, आणि आता

बैठक वीस मिनिटांत संपली. मान भाईकडे राहिला. एकट्याने गाऱ्हाणे घातल्याबद्दल त्याला देवापुढे नारळ ठेवून क्षमा मागायला सांगितले. ती त्याने मागितली. मोडलेले तोंड टोचते की नाही हे आधी बघायला हवे होते, असे दाजी बैठकीत म्हणाला. माफी मागणे एवढ्यावर धरले गेले. जत्रेला मी थांबू शकले नाही. वहिनीने कळवले की पहिला नारळ भाईने ठेवला आणि दाजी त्याच्याशी बोलतो, कामापुरते.

मृणालने अहवालात लिहिले की झाडे नैसर्गिकरीत्या पडली आहेत आणि लाकूड बाहेर गेलेले नाही. तिने मला आणखी एक गोष्ट दाखवली. डागाच्या जागचे उत्तर गेल्या काही फेऱ्यांत थोडे वाढत होते. तिला ती चूक वाटली होती, ती आम्ही पाय न ठेवता ओलांडलेली रोपे होती. नवीन नकाशा तिने ईमेलने न पाठवता स्वतः नेऊन दाखवला. या वेळी डाग फिकट हिरवा आहे.

उपग्रह अजूनही बारा दिवसांनी जातो. भाई तारीख विचारून घेतो आणि त्या दिवशी चपला बाहेर काढून ओसरीवर बसतो. उपग्रहाच्या वतीने कोणीतरी काढायला हव्यात, असे त्याचे म्हणणे आहे.

राय आहे. सहा झाडे आडवी आहेत, तीही रायेतच आहेत.

तुमची,
आजी